गोल कोपऱ्यांचे दत्तूकाका

आमच्या आळीत एकाही टेबलाला टोकदार कोपरा नाही. ही दत्तूकाकांची करामत. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी. कुणाकडेही चहाला गेले की आधी फर्निचरवर बोट फिरवायचे आणि पिशवीतून कानस काढायचे. मी हौसेने आणलेला शिसवी टिपॉय त्यांनी एका दुपारीत असा घासला, की बायको म्हणाली, "काका, हा टिपॉय आहे की पोळपाट?"

"कोपरा म्हणजे दगाबाज गो!" काका घासतच राहिले.

घरात एकटेच. लग्नाचा विषय निघाला की "मला कानस पुरे" म्हणून उठायचे.

कोकण रेल्वे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पावसला राहणाऱ्या त्यांच्या भाचीचा, सुधाचा, सात वर्षांचा ओंकार अंगणात पडला आणि गुडघा नारळाएवढा सुजला. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. सुधा आणि ओंकारच्या सोबतीला काका आणि मी. वाटेत काका एकदाच बोलले.

"आमचा बाळू टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला होता. चार दिवस रक्त थांबलं नाही रे."

बाळू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणीच गेलेला.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटकच कमी. "पूर्वी काही करता येत नसे. आता तो घटक इंजेक्शनने देतो," त्या म्हणाल्या आणि दिला. चौथ्या दिवशी सूज उतरली, ओंकार भेळ मागू लागला. सुधा तेव्हा कुठे रडली.

मग बाईंनी कागदावर घराण्याचा तक्ता काढला. काकांच्या आईकडून बहिणीकडे, तिच्याकडून सुधाकडे, सुधाकडून ओंकारला.

"आणि माझ्यात?" काकांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"तुम्हाला आजार नाही ना? मग तुमच्यात हा दोषच नाही. तुमच्याकडून मुलांना गेलाच नसता."

काकांनी तो तक्ता बराच वेळ न्याहाळला. "बरं झालं," म्हणाले.

परतीच्या गाडीत ओंकार आपल्या पायांनी चढला आणि काकांच्या मांडीवर झोपला. चिपळूण मागे पडलं तेव्हा काका बोलू लागले.

"मालगुंडची एक मुलगी बघून आलो होतो. पसंत होती. पण माझ्या पोराचंही रक्त थांबलं नाही तर? नकार कळवला. कारण नाही सांगितलं."

मी विचारलं, "वाईट वाटतंय, काका?"

"छे रे! पोरगं चालतंय, आणखी काय हवं?" त्यांनी ओंकारच्या अंगावर पंचा पांघरला. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले,

"फक्त तिला वाटलं असेल रे, ती मला आवडली नाही."