परीक्षा तिची, दिवा गाडीचा

गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तेव्हा मी मुकाट्याने गॅरेजमध्ये जायला हवं होतं. त्याऐवजी मी स्कॅनर विकत आणला. (काडेपेटीएवढी वस्तू. स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसली की गाडीचं दुखणं मोबाइलवर दिसतं. माझं दुखणं कशावरच दिसत नाही.)

दुखणं निघालं कॅटलिटिक कन्व्हर्टरचं. म्हणजे सायलेन्सरच्या नळीत धूर स्वच्छ करणारा जो डबा असतो, तो कामचुकारपणा करतोय, असं मोबाइलचं म्हणणं पडलं.

"गॅरेजवाल्याला दाखवा," बायको म्हणाली. "गुरुवारी माझी टेस्ट आहे."

बायको नर्स. घरोघरी जाऊन रुग्णांना बघायची नोकरी तिला मिळाली होती, पण महिनाअखेरपर्यंत ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. टेस्टमध्ये ती दोनदा नापास झालेली. तिसरी तारीख मिळायला तीन महिने लागले होते. आणि ज्या गाडीत इशाऱ्याचा दिवा लागलाय, त्या गाडीतली टेस्ट रद्द, असा नियम.

"गॅरेजवाला आख्खा डबाच बदलायला सांगेल," मी म्हणालो. "डबा बिचारा चांगला असतो. त्याच्यामागचा सेन्सर चहाड्या करतो." (हे मी सकाळीच एका व्हिडिओत ऐकलं होतं.)

रविवारी मी गाडीखाली शिरलो. जुना सेन्सर काढून नवा बसवायला व्हिडिओतल्या माणसाला चार मिनिटं लागली. मला चार तास लागले आणि पाना दोनदा नाकावर पडला. बाहेर येऊन स्कॅनर लावला, तर बिघाडाच्या एका कोडचे दोन झालेले. जुना होताच, शिवाय नव्या सेन्सरकडून काहीच निरोप येत नाही, अशी ताजी तक्रार.

"झालं?" बायकोने विचारलं.

"जवळजवळ."

"म्हणजे वाढलं."

बारा वर्षांच्या संसारात तिला माझी भाषा पाठ झाली आहे.

मग मला मोबाइलवर ते बटण सापडलं. 'कोड पुसा.' दाबलं की दिवा विझतो. रोग तसाच राहतो, फक्त रोगी कण्हायचा थांबतो. पंधरा-वीस मिनिटांनी दिवा परत लागायचा, मी परत पुसायचो. बुधवारी मी बायकोला सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. खरं सांगायची वेळ कधीच टळून गेली होती.

गुरुवारी परीक्षक बाई गाडीत बसायच्या आत मी शेवटचं पुसून घेतलं. दिवा बंद. बायको निघाली. लायसन्सच्या ऑफिसमागच्या मैदानात शंकू मांडलेले होते, त्यांच्यामधून गाडी सावकाश वळू लागली. मी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सहज विचारलं, "किती वेळ चालते हो टेस्ट?"

"पंचवीस मिनिटं."

दिवा तर पंधरा-वीस मिनिटांत परत लागणार होता. आणि हा स्कॅनर दहा पावलांपलीकडे मोबाइलशी बोलत नाही. तेव्हा मी धावायला लागलो.

मोबाइल पुढे धरून मी त्या गाडीमागे चार फेऱ्या मारल्या. मारुतीलाही कुणी अशा धावत घातल्या नसतील. पाचव्या फेरीला संपर्क जुळला. दुसरा कोड परत आला होता. मी 'पुसा' दाबलं. मोबाइलने उत्तर दिलं, 'इंजिन बंद करून पुन्हा प्रयत्न करा.' ते वाचायच्या नादात मी गाडीच्या पुढ्यातच आलो.

ब्रेक लागला. गाडी माझ्यापासून दोन हातांवर थांबली.

"हे कोण?" परीक्षक बाईंनी उघड्या खिडकीतून विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. घामाने निथळणारा, सुजल्या नाकाचा मी.

"काही कल्पना नाही," ती म्हणाली.

"बाजूला व्हा काका, इथे परीक्षा चालू आहे."

मी बाजूला झालो आणि कडेच्या दगडावर बसकण मारली. तिची नोकरी मी माझ्या हातांनी बुडवली होती. हात धुऊन टाकता येतात, पण हे तोंड घेऊन कुठे जायचं, हे कळेना. मला खरोखर रडू येत होतं.

गाडी परत आली. दिवा लागलेलाच होता, पण परीक्षक बाईंनी त्याकडे पाहिलंच नव्हतं. पाचव्या फेरीपासून त्यांची नजर काचेबाहेर होती. 'हा माणूस पुन्हा कुठून येतो' हेच त्या बघत होत्या.

बायको पास झाली. निकालाच्या कागदावर एका रकान्यात पैकीच्या पैकी गुण होते: 'अचानक आलेला अडथळा.'

तिथून ती स्वतः गाडी चालवत गॅरेजमध्ये गेली. मी मागे बसलो. नव्या सेन्सरची पिन मी लावलीच नव्हती आणि नळीचा एक सांधा गळत होता, हे मेकॅनिकने दहा मिनिटांत सांगितलं. डबा उत्तम होता.

परतताना मी धीर करून विचारलं, "अगं, पण नवऱ्याला ओळखत नाही म्हणालीस?"

"ओळखते म्हटलं असतं," रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तर माझ्या निर्णयशक्तीचे गुण गेले असते."