पारोळ्याचे जहाजवाले आबा

आमच्या गल्लीत कुणी नवं लोखंडी गेट बसवलं की निंबा आबा हातोडी घेऊन हजर. गेटवर टकटक करायची, जोडाला कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पाणी घुसी जाई!"

"आबा, गेट आहे. पाण्यात कुठे जाणार?"

"लोखंडले काय माहीत, आपण गेट शे का जहाज?"

एका लग्नात तर त्यांनी आहेरातलं कपाटच वाजवून पाहिलं. व्याही दोन तास फुगून बसले होते.

आबा कोकणातल्या एका खाडीवर, जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते. सात वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. एक जहाज अर्धवट तसंच उभं राहिलं. आबा पारोळ्याला परतले. पुढे बायको वारली, घरात एकटेच उरले. कंपनीचं प्रकरण मुंबईच्या कोर्टात होतं. नवा मालक मिळाला तर कारखाना चालू, नाहीतर सगळं भंगारात. खान्देशातल्या कामगारांतर्फे आबा प्रत्येक तारखेला जात. चहावाला असो की कंडक्टर, सगळ्यांना सांगत, "जहाज पाण्यात उतरीच."

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. निकालाचा कागद वकील मोबाईलवर पाठवणार होता, म्हणून त्या दिवशी आबा सकाळपासून माझ्या स्टुलावर. अकरा वाजले, बारा वाजले. वकिलाचा मेसेज येईना. दर पाच मिनिटांनी आबा विचारत, "परकास, नेट चालू शे ना?" एक गिऱ्हाईक आधार कार्डाची प्रत मागत होतं. आबा त्याच्यावर खेकसले, "थांब रे! आठे जहाज अडकेल शे!" तो बिचारा खरंच थांबला.

दीडला कागद आला. नवा मालक मंजूर झाला होता. जुने कामगार परत घेणार. खाली यादी होती.

"दगडूनं नाव शे का?"

दगडू म्हणजे आबांनी हाताशी धरून शिकवलेला वेल्डर. सध्या धुळ्यात वॉचमन. त्याचं नाव होतं. मी यादी पुन्हा वाचली, मग अट वाचली. पन्नाशीच्या आतलेच घेणार होते.

"आबा, तुमचं..."

"माहीत शे. मागली तारखेलेच वकीलनी सांगेल व्हतं."

"मग आज सकाळपासून इथे कशाला बसलात?"

"पोरेसकडथून कोणी उभं राहाले नको?"

त्यांनी दगडूला फोन लावला. "बॅग भर! कारखाना चालू व्हई गया!" पलीकडे दगडू रडायला लागला. जरा वेळाने त्याने विचारलं, "आबा, तुम्ही कधी येतस?"

"तू व्हय पुढे. मी येस आठ दिवसमा."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "त्याला खोटं सांगितलंत."

"खरं सांगं असतं तर तो निंघताच नही."

दुपारी दुकान बंद करायची वेळ झाली. मी शटरला हात घातला, तरी आबा उठले नाहीत. जेवायला या म्हटलं की "मना घर शिजेल शे" म्हणून टाळणारा हा माणूस. आज रस्त्याकडे बघतच म्हणाला,

"परकास, तुमना घर आज काय भाजी शे रे?"

"शेवभाजी," मी म्हणालो आणि हळूच घरी फोन करून ती करायला सांगितली.