खवले, पिसे व केस यांच्या भाऊबंदकीची हकीकत

श्री त्वचादेवी सर्वांगी प्रसन्न असो. साहेबी सेवकास पुसिले की, सरड्याचा खवला, कोंबडीचे पीस आणि उंदराचा केस यांचे आपसात नाते काय, ते यथास्थित लिहिणे. आज्ञा शिरसावंद्य. शके शून्य, अंडजनाम संवत्सरी, शक मोजणारा अद्याप जन्मावयाचा असता, जे घडले ते सेवक तिखटमीठ न लाविता लिहितो. लागलेच तर चवीपुरते.

ते समयी त्वचेचे राज्य दोन पेठांत, म्हणजे दोन थरांत, नांदत होते. वरची पेठ पेशी-शिपायांची, पातळ आणि उतावीळ. खालची पेठ आईसाहेबांची, जाड आणि समजूतदार. रिवाज ऐसा की, आईसाहेबांनी खालून निरोप धाडावा, आणि मग शिपायांनी एके ठिकाणी दाटी करोन इवलेसे टेंगूळ उभारावे, आणि टेंगळाने उभे राहताच शेजाऱ्यांस दटावावे की, "माझ्या हद्दीत कोणी उठू नका, पलीकडे सरा!" म्हणोन रांगा कशा नेमक्या पडत. आणि मग टेंगळाचे पुढे काय व्हावे, तोही हुकूम आईसाहेबांचाच. राज्यात सरदार तीन. सरड्यांचे मुलखी खवलोजी, पाखरांचे मुलखी पिसाजी, उंदरामांजरांचे मुलखी केसोजी. केसोजींचा नखरा काय सांगावा! मिशीस पीळ भरल्याविना पाणी पीत नसत. पिसाजी चालता चालता वळोन आपल्याच पाठीकडे पाहात. खवलोजी बापडे उन्हात बसोन असत, बोलणे थोडे.

एके दिवशी तिघांचे सुभ्यांत नवी टेंगळे उठली, सरड्याचे अंड्यात, कोंबडीचे अंड्यात आणि उंदरीचे पोटी, आणि दरबारी बारशाचा थाट जाहला. पाने मांडली, आणि केसोजी उठोन बोलिले, "आईसाहेब, हा खवलोजी आमचे पंगतीस नको. आम्ही नाजूक घराणी, हा खरखरीत. याचे आमचे रक्त एक म्हणता लाज वाटते." पिसाजींनी मान डोलाविली. खवलोजींचा चेहरा खर्रकन उतरला. का की, जो पंगतीबाहेर त्यास खालचा निरोप बंद. आणि निरोप बंद जाहला म्हणजे टेंगूळ बसले, आणि लेकरू जन्मभर उघडे, उन्हात भाजणार. खवलोजी हात जोडोन बोलिले, "मला दाराशी बसवा, उपाशी बसवा, पण पोराला उघडे पाडू नका हो!" सेवक तेथे हजर होता. सेवकाचे डोळे भरले, खोटे का लिहावे?

आईसाहेब बोलिल्या, "बरे तर. रक्त निराळे, तर आपापले लेकरू ओळखालच. तिन्ही टेंगळे ताटांत मांडिते. ज्याने त्याने आपल्या लेकरावर पागोटे ठेवावे." आणि राज्याचा रिवाज ऐसा की, भरदरबारी ज्यावर पागोटे ठेविले तो आपल्या घरचा, मग प्राण गेला तरी फिरविता येत नाही.

ताटे आली, तो काय! तिन्ही टेंगळे हुबेहूब एकसारखी. तीच दाटी, तोच उंचवटा, तीच शेजाऱ्यांस दटावणी. पिसाजी गोंधळले, परंतु केसोजी कसले थांबतात! मिशी पिळोन थेट पहिल्या ताटापाशी गेले आणि गर्जले, "वाहवा! काय डौल, काय नजाकत! खानदान का झाकते? हा आमचा!" आणि पागोटे ठेविले. पिसाजींनी घाईने दुसऱ्यावर ठेविले. खवलोजींस तिसरे उरले, त्यांनी हळूच पागोटे टेकविले आणि पुटपुटले, "कोणाचे का असेना, लेकरूच आहे."

मग आईसाहेबांनी खालून हुकूम सोडिले आणि सारा दरबार टक लावोन बसला. पिसाजींचे टेंगूळ खाली खाली शिरले, विहीर खणावी तैसे, आणि तळातून वर आला तो केस! खवलोजींचे टेंगूळ बोटासारखे उभे राहिले, पुढे त्याच्या काड्या फाकल्या, आणि जाहले पीस! आणि केसोजींचे टेंगूळ सावकाश एका अंगास कलले, वरचे पागोटेही कलले, आणि कौलासारखे शेजाऱ्यावर पसरोन जाहला तो खवला! दरबारात ऐसा हशा पिकला की पानांतले वरण सांडले.

केसोजी ओरडले, "हे माझे नव्हे!" पिसाजीही सरसावले, "दगा, दगा!" आईसाहेब बोलिल्या, "पिसाजी, तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या कोंबड्यांच्या उघड्या पायांवर खवले कोणाचे, ते पाहा आधी." पिसाजींनी मुकाट पाय अंगरख्यात ओढिले. "आणि केसोजी, पागोटे कोणाचे?"

"माझे."

"मग लेकरू?"

केसोजींनी मिशीवरचा हात खाली घेतला. "माझे," म्हणाले.

"ते दाराशी बसेल की पंगतीत?"

केसोजींनी लेकरू उचलोन आपल्याच पानावर घेतले, आणि खवलोजींस शेजारी ओढोन बसविले. मग हळूच बोलिले, "फार खरखरते रे हे."

खवलोजी डोळे पुसोन म्हणाले, "होईल सवय, दादा."

येणेप्रमाणे एका टेंगळाची तीन घराणी, आई तीच. साहेबी मिशीवर हात फिरविते समयी भिंतीवरील पालीकडे एकवार पाहावे. जेवावयास बोलवा ऐसे सेवक म्हणत नाही. परंतु हातातला झाडू तेवढा खाली ठेवावा, घरचीच आहे.