वर जाणारा कापूस

उत्तमराव मुलासाठी मुलगी पाहायला आले ते नेमके नाताळच्या दिवशी, आणि जानरावांच्या तोंडून नको ते निघून गेलं.

अकोल्यात मोर्णेच्या काठी जानरावांचा भाजीचा मळा होता. पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर रोज कोबी आणि वाटाणे तेच पोचवत, आणि एवढ्याशा ओळखीवर गल्लीत बरंच काही सांगत. अंजनगाव सुर्जीचे उत्तमराव मात्र कमी बोलणारे. जानरावांची शालू त्यांना पसंत पडल्यासारखी दिसत होती. पण तिच्या बापाकडे ते, वांगं किडकं तर नाही ना, अशा नजरेनं बघत होते.

"साहेबाच्या शाळेत आज हलते चित्रं दाखवून राह्यले," जानराव म्हणाले. "हातानं काढेल चित्रं, पन चालतात. पुरी कहानी मले पाठ आहे. चला सारेजन."

मैनाबाईंनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. चित्रं त्यानं पाहिलेली नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मिशनच्या शाळेत खिडक्यांना गोणपाट लावून भरदुपारी अंधार केला होता. पाद्रीसाहेबांच्या मडमेनं जानरावांना दारातच गाठलं. चित्रांमधल्या इंग्रजी ओळी वाचून गोष्ट सांगणारे मास्तर तापानं पडले होते. "जानराव, तुम्हाला बोलायला येतं. तुम्ही सांगा," असं म्हणून तिनं मोडक्या मराठीत गोष्ट समजावली: लाल कपड्यांतला म्हातारा लाकडाची खेळणी करतो, आणि मुलं झोपली की त्यांच्या उशाशी ठेवून येतो. उत्तमराव शेजारीच उभे होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

यंत्र हातानं फिरवायचं होतं आणि ते काम बंगल्यावरच्या माळी भगवंताकडे होतं. मागच्या गावी खेळ संपला तसं ते यंत्र उचलून आणलं होतं; रीळ पुन्हा सुरुवातीला आणायचं राहून गेलं होतं. दांडा सुलट फिरेना, म्हणून भगवंतानं तो उलटा फिरवला. यंत्र कसं सुरळीत चालू लागलं.

"हा पाहा म्हातारा," जानरावांनी आवाज लावला. "पोरायले खेळने घेऊन आला."

पडद्यावर पोरं खेळत होती. त्यांनी खेळणी उशाशी ठेवली आणि ती झोपून गेली. मग म्हातारा पाठमोरा आत आला आणि एकेक बाहुली उचलून पोत्यात भरू लागला.

"हा तं चोर दिसते," पुढं बसलेल्या फुलवाल्या पार्बताबाई म्हणाल्या.

"जानराव," अंधारातून उत्तमरावांचा आवाज आला, "थो देऊन राह्यला का घेऊन राह्यला?"

"घेऊन," जानराव म्हणाले, कारण सगळ्यांना दिसतच होतं. "खेळने मोडले ना जी. दुरुस्तीले नेते थो."

"मंग उलटा कावून चालते?"

म्हातारा पोतं घेऊन उलट्या पावलांनी धुराड्याकडे निघाला होता. "तुमी गाभाऱ्यातून निघता तवा देवाले पाठ दाखवता का? इथं लेकरं निजले आहेत. लेकरायले पाठ दाखवत नाई थो."

पार्बताबाईंनी पदर सारखा केला.

म्हातारा धुराड्यातून वर निघाला. बाहेर जमिनीवरून पांढरं पांढरं काही उठून हळूहळू आभाळाकडे चाललं होतं. मडमेनं बर्फासाठी सांगितलेला शब्द जानरावांना आठवेना. "कापूस," ते म्हणाले. "वेचनाऱ्या बायायचे हात दुखतात, म्हनून आपला आपन घरी चालला."

पुढं काय दिसणार हे आता त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं, आणि भीतीही उरली नव्हती. म्हाताऱ्यानं बाहुलीला हात लावला तशी तिची फळी झाली. फळ्यांचे ओंडके झाले. मग बर्फात आडवं पडलेलं एक झाड कुऱ्हाडीसरशी अलगद उठलं आणि आपल्या बुंध्यावर जाऊन उभं राहिलं. दुसरं उठलं. तिसरं उठलं. जानरावांचा आवाज नकळत खाली आला. "पाहा," ते एवढंच म्हणाले, "ज्याचं त्याले देऊन राह्यला." सगळं रान उभं झालं, शेवटचा कापूस वर गेला, आणि पडदा पांढरा झाला. किती तरी वेळ कोणी उठलं नाही.

तेवढ्यात पाद्रीसाहेब आले. घोटाळा कळल्यावर त्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि तेच रीळ सुलट लावायला सांगितलं.

पहिल्याच चित्रात म्हाताऱ्यानं कुऱ्हाड उचलली. झाड पडलं. "झाड तोडलं," जानराव म्हणाले, आणि त्यापुढं त्यांना शब्द सुचेना. खेळणी झाली, वाटली गेली, पोरं हसली. टाळी कोणी वाजवली नाही. साहेबांनी मडमेकडं पाहिलं, मडमेनं भगवंताकडं.

परतताना जुन्या शहराच्या वाटेवर उत्तमराव पुढं, मागं जानराव आणि मैनाबाई. कहाणी पाठ नव्हती, हे आता लपलेलं नव्हतं. पोरीचं जमता जमता मोडलं, ते आपल्या तोंडामुळं.

पुलापाशी उत्तमराव थांबले. "जानराव, तुमाले काईच माहीत नोतं."

"नोतं जी," जानराव खाली मान घालून म्हणाले.

उत्तमराव नदीकडे बघत राहिले. "आमची माय खाटेवर आहे. तिले इथवर आनता येत नाई. थे झाडं उठतात ते तिले सांगाले पायजे, अन् मले तसं सांगता येत नाई. लग्नाच्या आंधी एकडाव अंजनगावले येऊन जा."

ते पुढं चालू लागले. मैनाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "आयकलं का? लग्नाच्या आंधी म्हनते थे."

"हं," जानराव म्हणाले. ते पुलावर तसेच उभे होते आणि उजवा हात जमिनीपासून हळूहळू वर नेऊन पाहत होते. पडदा नसताना म्हातारीला झाड उठताना दिसावं, तर हात नेमका किती सावकाश न्यायचा, याचा अंदाज त्यांना येत नव्हता.