तेल पाजलेला हातोडा

बारशाला पोर आपल्या हातच्या पाळण्यातच निजणार, असा शब्द जोतीराम पैलवानानं अख्ख्या गल्लीला दिला होता. कोल्हापुरात खासबागेचं मैदान नवंनवं झालं, त्या सालची ही गोष्ट. पाळणा आणायचा मान खरं तर सासूचा. पण चिमणाबाई मागं बोलून गेली होती, "जावयाच्या हातानं माणसं पडत्यात, वस्तू हुबी ऱ्हात न्हाय." ते पैलवानाच्या फार जिव्हारी लागलं होतं.

हत्यारं शेजारच्या कुतुबुद्दीन मेस्त्रींची. ती घरात असतानाच खंडेनवमी आली. जोतीरामनं ती पुजली, झेंडू वाहिला, आणि भक्ती अंमळ जास्त झाल्यामुळं हातोड्याला डोक्यापासून दांड्यापर्यंत तेल लावून अशी मालीश केली, की दुसऱ्या दिवशी त्याचीच कुस्ती असावी.

बारशाच्या सकाळी एकच खुंटी ठोकायची राहिली. तेवढ्यात दाराशी गारगोटीहून आलेली सासूची बैलगाडी थांबली. पाठीमागून सासू बघतेय म्हटल्यावर पैलवानानं हातोडा पार खांद्यामागं नेला. तेलकट दांडा हातातून सटकला, हातोडा दारातून बाहेर गेला, चिमणाबाईच्या कानाजवळून सुसाटत गाडीत पडला आणि तिनं आणलेल्या रंगीत पाळण्याचा कठडा मोडून थांबला.

जोतीरामनं धावत जाऊन सासूचे पाय धरले. तिला कुठं लागलं नव्हतं. आवाज ऐकून कुतुबुद्दीन आले. त्यांनी दांडा चाचपला.

"पैलवान, आखाड्यात पकडीला हाताला काय लावतोस?"

"माती."

"मग हातोड्यानं काय घोडं मारलंय तुजं?"

जोतीरामनं दांडा राखेनं घासून कोरडा केला. डोकं घट्ट बसलंय का, ते ओढून बघितलं. पुढची-मागची माणसं बाजूला काढली आणि लहान लहान घाव घालत खुंटी बसवली.

दुपारी रीतीप्रमाणं पाळण्यात आधी वरवंटा निजवायचा होता. चिमणाबाईनं वरवंटा ठेवला, वर पाटाही चढवला आणि दहा झोके दिले. बाळंतीण बनाबाईनं श्वास रोखून धरला. पाळणा साधा कुरकुरलासुद्धा नाही. मग म्हातारीनं नातवाला आत निजवलं. ते बघून पैलवानाचे डोळे भरून आले.

"जावईबापू," ती म्हणाली, "माज्याबी पाळण्याचा कठडा तुमीच बसवा."

जोतीराम हरखून हातोडा उचलायला धावला.

"आत्ता न्हवं. आदी मला गारगोटीला पोचू द्या."