बिनमेणाची गिटार

"यंदा सव्वीस जानेवारीला लोक झेंडावंदन विसरतील, पण माझी गिटार विसरणार नाहीत," असं गुरुदत्तने लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत तीन जणांना ऐकवलं. त्यातला एक पिझ्झा पोचवायला आलेला होता.

गिटार त्याने स्वतः बनवली होती. म्हणजे लाकूड, दांडी, खुंट्या, स्क्रू असं सगळं एका खोक्यात आलं होतं आणि फक्त जोडायचं होतं. लोकांना दोन रविवार पुरतात, गुरुदत्तला आठ महिने लागले. वेळ भरपूर होता. तळोज्याच्या कंपनीने त्याला मे महिन्यात काढलं होतं. करंजाडेतल्या सोसायटीत मात्र त्याने "सोडली" असं सांगितलं होतं. तेव्हापासून तो बाल्कनीत बसून लाकूड घासत होता आणि पाचव्या मजल्यावरचे लोक वाळत घातलेले कपडे झटकत होते.

हा सगळा खटाटोप एका 'वा'साठी होता. त्याच्या बायकोच्या, अरुंधतीच्या. अरुंधती बँकेत होती आणि तिला खोटी स्तुती जमत नसे. भाचीच्या केळवणात तिने यजमानीणबाईंना श्रीखंड आंबट असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांनी आग्रह केल्यावर पुन्हा सांगितलं होतं. बावीस वर्षांच्या संसारात गुरुदत्तला तिच्याकडून दोनदा 'वा' मिळाली होती. एकदा घाटात त्याने गाडी मागे घेतली तेव्हा आणि एकदा गिझर दुरुस्त केला तेव्हा. नोकरी गेल्यापासून तर घरात त्याला कोणी बरं म्हणावं असं काही घडलंच नव्हतं. ज्याची नोकरी गेलेली नाही त्याला हे कळायचं नाही, पण माणूस त्या एका शब्दासाठी अगदी लाचार होतो.

गिटार पहिल्यांदा वाजली तेव्हा अरुंधती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

"दिसते छान," ती म्हणाली. "आवाज आपल्या जुन्या फ्रिजसारखा येतो."

गुरुदत्तने सारा दोष पिकअपवर ढकलला. पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली केसाएवढी बारीक तार. तारांचा आवाज हेच उचलतं आणि स्पीकरला देतं. खोक्यातलं पिकअप भिकार होतं, हे खरंच होतं. मग नवं निवडण्यात तीन आठवडे गेले. या काळात त्याने इंटरनेटवर जगभरच्या रिकामटेकड्यांचे वाद वाचले. कोणी म्हणे अमुक पिकअप मधाळ, कोणी म्हणे तमुक धुरकट. या मंडळींनी आयुष्यात मध तरी चाखला होता की नाही कोण जाणे. पण एका गोष्टीवर सगळे ठाम होते. खरा जिवंत आवाज हवा तर पिकअपला मेण लावलेलं नसावं.

असं पिकअप बनवून देणारा जवळचा माणूस म्हणजे करंजा बंदरावरचा जगन. तो बोटींवरचे वायरलेस आणि लग्नाच्या हळदीत वाजणारे बेंजो दुरुस्त करायचा. बाहेर बोंबील वाळत होते आणि आत जगन शिलाई मशीनच्या मोटारीवर बेंजोच्या पिकअपची तार गुंडाळत होता. गुरुदत्तचं पिकअप त्याने तासाभरात बनवलं आणि स्टोव्हवरच्या वितळलेल्या मेणात बुडवायला घेतलं.

"थांबा! मेण नको," गुरुदत्त म्हणाला.

"नको कसा? आमी सगल्यांना मेन पाजतो. नाय तं आतली तार हलत रातं. मंग यो गिटारीची तार सोरून बाकीचा बी ऐकतं. ढोल ऐकल, मानसाची बोंब बी ऐकल."

"तेच तर हवंय मला. जिवंत आवाज."

जगनने त्याच्याकडे नीट पाहिलं. "न्या मंग. पन कोनाला आमचा नाव नका सांगू."

जोडणीत आणखी एक आठवडा गेला. पहिल्या खेपेला आवाजाचं बटण उलटं बसलं. मोठं केलं की गिटार गप्प बसायची आणि बारीक केलं की किंचाळायची. दुसऱ्या खेपेला सगळं ठीक झालं, पण तारांवरचा हात काढला की घरघर सुरू व्हायची. अर्थिंगची तार जोडायची राहिली होती, ती अरुंधतीला पोळपाटाखाली सापडली. तिसऱ्या खेपेला गिटार खरंच वाजली. गुरुदत्तने ती अरुंधतीला ऐकवली नाही. एकदम सव्वीस जानेवारीलाच ऐकवायची, असं त्याने ठरवलं होतं.

झेंडावंदन झालं, पोरांचा फॅन्सी ड्रेस झाला आणि क्लबहाउसमध्ये गुरुदत्तची पाळी आली. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय का हे त्याला स्वतः ऐकायचं होतं. म्हणून त्याने पडद्यामागे अरुंधतीच्या मांडीवर गिटार उभी ठेवली, वायर जोडली आणि सांगितलं, "मी हाक मारली की तारांवरून हात फिरव." मग तो हॉलच्या टोकाला, साउंडवाल्या धनेशजवळ जाऊन उभा राहिला.

"काय येत नाय," धनेश म्हणाला. "फुल करतो." आणि त्याने सगळी बटणं वर सारली.

हाक मारायला गुरुदत्तने तोंड उघडलं, तेवढ्यात दोन्ही स्पीकरमधून चिरक्या, पण स्वच्छ आवाजात चौथ्या मजल्यावरच्या आशालताताई बोलल्या, "किती मेहनत घेतलीय हो भावजींनी."

धनेशने घाईघाईने बटणाला हात घातला. बिनमेणाचं पिकअप गिटारीजवळचं बोलणं उचलत होतं, हे दोघांनाही कळलं. पण आता अरुंधती काहीतरी बोलणार होती, तेही आपल्याबद्दल. गुरुदत्तने धनेशचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला.

"मेहनत घेतली खरी," स्पीकरमधून अरुंधती म्हणाली. "सगळ्यांना तेवढी आठवण करा हं ताई. तो पूर्ण थांबला की टाळ्या. मध्येच थांबतो तेव्हा नाही."

"तुम्ही ग्रुपवर टाकलंय की."

"हो, पण लोक वाचतात कुठे? त्याला सोडून चौऱ्याऐंशी जण आहेत त्यात. कंपनीने काढल्यापासून कोणी त्याला बरं म्हटलेलं नाही हो. मीसुद्धा."

"काढलं? ते तर सोडली म्हणाले."

"तो तसंच सांगतो."

हॉलमधले काही जण मान वर करून पंख्याकडे बघायला लागले. गुरुदत्तची धनेशच्या मनगटावरची पकड काही सुटेना.

"आणि तुम्ही काय करणार?" आशालताताईंनी विचारलं.

"मी वा म्हणणार आहे. सवय नाही ना, म्हणून काल आरशासमोर म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा जरा बरं आलं." मग तिने घसा खाकरला आणि दोन्ही स्पीकरमधून अख्ख्या हॉलला ऐकू आलं, "वा!"

जगनची तार खरंच उत्तम होती. त्या एका शब्दातला ओढून आणलेला आनंद तिने जसाच्या तसा उचलला.

धनेशने मनगट सोडवून घेतलं आणि आवाज बंद केला. पडद्यातून आशालताताईंचं डोकं बाहेर आलं आणि लगेच आत गेलं. निवेदिकेला काय करावं सुचेना, तेव्हा तिने कागदावरचं वाचून टाकलं, "आणि आता आपल्या सर्वांचे लाडके गुरुदत्त."

जाण्यावाचून इलाज नव्हता. त्याने वाजवलं आणि बरं वाजवलं. एकही सूर चुकला नाही. अरुंधती येऊन पहिल्या रांगेत बसली होती. तो पूर्ण थांबला तेव्हा हॉलमध्ये चौऱ्याऐंशी माणसं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. टाळ्या वाजवल्या तर सांगून वाजवल्यासारखं होणार होतं आणि नाही वाजवल्या तर त्याहून वाईट दिसणार होतं. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले. ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, आता काय करायचं. गुरुदत्तचा फोन तेवढा गप्प होता.

 घरी जेवायला बसल्यावर गुरुदत्तला राहवेना. तिला खोटं बोलता येत नाही, हे तर त्याने नुकतंच स्पीकरवर ऐकलं होतं.

"ग्रुपचं जाऊ दे," तो म्हणाला. "खरं खरं सांग, कसं वाजवलं मी?"

अरुंधतीने हातातला घास ताटात ठेवला.

"खरं सांगू, गुरू? मी काही ऐकलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी नुसती खाली मान घालून बसले होते." मग तिने पातेलं पुढे ओढलं. "वरण वाढू?"