उत्तमरावांचं गेज

आमच्या चिकलठाण्याच्या कॉलनीतले उत्तमराव शासनाच्या योजना अंगठ्यानं वाचतात. दुसऱ्या हातात लाल पेन्सिल, आणि अंगठा एकेका शब्दावरून फिरत असतो. एखादा शब्द खटकला की म्हणतात, "याला बर हाय, साहेब. कुणाचा तरी हात कापंल."

बर म्हणजे कापलेल्या लोखंडाच्या कडेला राहतो तो बारीक काटा. उत्तमरावांनी उभी हयात कंपनीत माल तपासण्यात घालवली. गेज म्हणजे मापाचा साचा लावायचा, बसलं तर पास, नाहीतर रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर लोखंड संपलं, म्हणून त्यांनी शासन धरलं.

साहेब म्हणजे मी. एका सरकारी कार्यालयात आरोग्याच्या टेबलावर लिपिक आहे. मला साहेब फक्त उत्तमराव म्हणतात, आणि त्यांची ही चूक मी कधी दुरुस्त केलेली नाही. धोरण मंत्रालयात ठरतं असा तुमचा समज असेल. पण मसुदा निघाला की जनतेच्या सूचना मागवतात, आणि त्या गोळा करून वर पाठवायचं काम माझ्यासारख्याकडे येतं. माझ्यासारख्याला शुक्रवारी वेळेवर घरी जायचं असतं. त्यासाठी आमच्याकडे एक सोन्यासारखा शब्द आहे: निरंक. म्हणजे कुणाचं काही म्हणणं नाही. मी आजवर इतके निरंक पाठवलेत की झोपेतसुद्धा वळणदार लिहीन.

मागे दवाखान्यात दाखल होणाऱ्यांसाठी एका योजनेचा मसुदा आला. रुग्णासोबतच्या 'एका नातेवाइकाला' जेवण आणि मुक्कामाची सोय. मला वाचून भरून आलं. दुसऱ्याच दिवशी उत्तमराव सूचनेचा अर्ज घेऊन कार्यालयाच्या दारात.

"नातेवाइकाला बर हाय."

"अहो, नातेवाइकाला कसला आलाय बर?"

"ज्याला नाय त्यानं काय करावं? पुढं 'किंवा शेजारी' घाला. दोनच शब्द. लई नाय मागत."

म्हाताऱ्याचा छंद, असं म्हणत मी अर्ज घेतला, शिक्का मारला, फायलीला लावला. शुक्रवारी संध्याकाळी वरून फोन आला, सूचना ताबडतोब पाठवा. मी सवयीनं लिहून टाकलं: निरंक.

शासन निर्णय निघाला तेव्हा 'एक नातेवाईक' जसाच्या तसा होता. "शासनानं विचार केला असेल," मी उत्तमरावांना म्हणालो. त्यांनी माहितीच्या अधिकारात माझ्याच अहवालाची प्रत काढली आणि माझ्याच घरी चहा पिताना माझ्यासमोर ठेवली. "अक्षर चांगलं हाय तुमचं," एवढंच बोलले. मला इतकी लाज वाटली की पंधरा दिवस मी स्कूटर मागच्या गल्लीतून काढत होतो.

गेल्या सोमवारी तेच आले. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, हातात दवाखान्याचा फॉर्म. "एवढा तपासून द्या, साहेब. रिजेक्ट व्हायला नको."

सगळं ठाकठीक होतं. 'सोबतच्या नातेवाइकाचे नाव' या रकान्यात मात्र त्यांनी जपून लिहिलं होतं: निरंक.

टोमणा असेल म्हणून मी वर पाहिलं. टोमणा नव्हता. "तुमच्याकडं असंच लिहितात ना?" त्यांनी विचारलं.

बायको गेल्यापासून ते एकटे आहेत, मूलबाळ नाही, हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. तो 'शेजारी' ते कुणाला धरून मागत होते, हे मात्र आत्ता कळलं. भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी मीच होतो.

मी तो शब्द खोडला, माझं नाव लिहिलं आणि नात्यापुढे लिहिलं, भाऊ. खोट्या माहितीपायी लोकांचे अर्ज परत करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. त्या दिवशी हात जरासुद्धा अडला नाही.

उत्तमरावांनी फॉर्म घेतला, अंगठा फिरवला. "आडनाव जुळत नाय," ते म्हणाले. "मावसभाऊ करा."

मी केलं. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि बराच वेळ त्या शब्दावरच ठेवला.

"बसलं," ते म्हणाले.